बुटांचे पैसे पगारातून कापले, मास्क भलताच दिला – जाणकारांनी सांगावं

रावपुरेकर | ६ मार्च, रात्री ९:४०

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा आयटीआय झालाय, एओसीपी ट्रेड, म्हणजे केमिकल प्लांटचा ऑपरेटर. जानेवारीत बडोद्याजवळच्या नंदेसरीकडे एका केमिकल कंपनीत लागला. म्हणजे कंपनीत नव्हे, कंपनीतल्या ठेकेदाराकडे. नाव देत नाही, पोराला तिथेच काम करायचंय. पहिल्या दिवशी अर्धा तास पडद्यावर पिक्चर दाखवला आणि रजिस्टरवर पाच सह्या घेतल्या: हेल्मेट, गॉगल, बूट, मास्क, हातमोजे. पहिला पगार हातात आला तो ९५० रुपयांनी कमी. मुकादमाला विचारलं तर म्हणे बुटांचे, अर्धे कंपनीचे, अर्धे तुझे.

दुसरं मास्कचं. भाचा रिॲक्टरच्या मॅनहोलमधून पावडर चार्ज करतो, म्हणजे ओततो, आत सॉल्व्हंट असतं. त्याला दिलाय तो पांढरा, वाटीच्या आकाराचा, एका रबराचा डस्ट मास्क. घरी येतो तेव्हा शर्टाला गोडसर वास असतो. बहीण म्हणते, नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा. संध्याकाळी पोराचं डोकं धरतं. जेवणावर वासना नाही, आणि हा पोरगा एका बैठकीत दोन प्लेट सेव-उसळ उडवणारा.

परवा ४ तारखेला राष्ट्रीय सुरक्षा दिवस झाला. गेटवर बॅनर, शपथ, घोषवाक्य स्पर्धा. भाच्याला दुसरं बक्षीस, स्टीलची बाटली. ग्रुप फोटोसाठी स्टोअरमधून सगळ्यांना ते दोन डब्यांचे रबरी मास्क वाटले. फोटो झाला, मास्क मोजून परत घेतले. फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर आलाय, त्याखाली सगळ्यांचे अंगठे. मला तो बघवत नाही.

तर: बुटांचे पैसे असे कापता येतात का? मास्क कुठला हवा? आणि तिसरं, खरं तर पहिलं: नोकरीला दोन महिने झालेल्या पोराने हे कुणाला आणि कसं विचारायचं?

खमणप्रेमी | ६ मार्च, रात्री ९:५२

उत्तर माहीत नाही, पण फोटोचं वाचून कसंतरी झालं. खुर्ची टाकून बसलोय.

पिवळं_हेल्मेट | ६ मार्च, रात्री ११:१५

३१ वर्षं सेफ्टीत काढली, त्यातली २२ बडोद्याच्या आसपास. आता निवृत्त. क्रमाने सांगतो.

पैसे कापता येत नाहीत. अर्धेही नाहीत, चवलीही नाही. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ११४ याच एका कामासाठी आहे: मालकाने जी साधनं पुरवायची, त्यांचा कसलाही आकार कामगाराकडून घ्यायचा नाही. आता कुणीतरी येऊन सांगेल की तो कायदा गेला, २१ नोव्हेंबर २०२५ पासून कामगारांच्या सुरक्षा-आरोग्याचा नवा कोड लागू झालाय. बरोबर. नव्या कोडच्या कलम ६ मध्येही हेच आहे, उलट वैद्यकीय तपासणीचाही खर्च कामगारावर टाकता येत नाही. ठेकेदाराचा माणूस म्हणून वेगळा नियम नाही. जुन्या कायद्याच्या व्याख्येतच ठेकेदारामार्फत आलेला माणूस हा कामगारच होता.

आता मास्क. तो पांढरा वाटीचा मास्क धुळीसाठी. वाफेला तो चाळणीइतकाच उपयोगी. वाफ अडवायला कोळशाचा डबा लागतो, म्हणजे कार्ट्रिज. पण ‘डबेवाला मास्क द्या’ एवढं म्हणून भागत नाही. युरोपियन पद्धतीच्या डब्यांवर रंगाचे पट्टे असतात: तपकिरी सेंद्रिय वाफांसाठी, करडा क्लोरीनसारख्या वायूंसाठी, पिवळा सल्फर डायऑक्साइडसारख्या आम्ल वायूंसाठी, हिरवा अमोनियासाठी. अमेरिकन डब्यांचे रंग निराळे, तिथे पिवळ्याचा अर्थ बदलतो. त्यामुळे रंगावर जाऊ नका, अक्षरं वाचा.

तुमच्या बहिणीने सांगितलेला वास मोलाचा आहे. नेलपॉलिश रिमूव्हर म्हणजे ॲसिटोन नाहीतर एथिल ॲसिटेट. नवख्या नाकाला दोन्ही सारखेच. पण ॲसिटोन ५६ अंशांना उकळतो आणि एथिल ॲसिटेट ७७ ला, आणि डब्याच्या दृष्टीने सगळा फरक तिथे आहे. साधा ‘ए’ डबा ६५ अंशांच्या वर उकळणाऱ्या द्रवांसाठी असतो. त्याखालच्यांना ‘एएक्स’ लागतो. ॲसिटोन, एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) यांची वाफ साध्या डब्यातून लवकर पार होते, आणि घालणारा मात्र ‘मी मास्क घातलाय’ म्हणून निर्धास्त. मेथेनॉल तर अगदी सीमेवर, ६४.७. भाच्याला सांगा, ड्रमवरच्या लेबलचं नाव लिहून आण. मोबाइलने फोटो काढायला जाऊ नको, त्या भागात मोबाइल नेऊच नये.

आणि आता जे तुम्ही विचारलंच नाहीत ते. मला मास्कपेक्षा त्या उघड्या मॅनहोलची धास्ती वाटते. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला ठिणगीने वाफ पेटू शकते ते, उणे २० अंश, एथिल ॲसिटेटचा उणे ४. म्हणजे बडोद्याच्या डिसेंबरातल्या पहाटेसुद्धा त्याची वाफ ठिणगीची वाट बघत असते. पावडर कशातून ओततो तो? पोत्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पिशवीतून का? ती पिशवी झटकताना जी चटचट होते ती स्थिर वीज. बाकी काही लागत नाही. मॅनहोलवर वाकलेल्या माणसाच्या तोंडावर भडका येतो, आणि तिथे कुठलाच मास्क कामाचा नाही. आधी आत नायट्रोजन सोडतात का, रिॲक्टरला आणि ड्रमला अर्थिंगची क्लिप लावतात का, पावडर आधी भरून मग सॉल्व्हंट बंद झाकणाने घेता येईल का, हे विचारायला हवं. मास्क हा रांगेतला शेवटचा माणूस. पुढचे सगळे पळाले की त्याची पाळी.

रावपुरेकर | ७ मार्च, सकाळी ७:०५

काका, रात्रभर झोप नाही. सकाळी भाच्याला फोन केला. पिशवी प्लास्टिकचीच, आणि शेवटची पावडर निघावी म्हणून तो ती *झटकतोच*. मुकादमाने तसंच शिकवलंय, माल वाया जाऊ नये म्हणून. अर्थिंगची क्लिप आहे म्हणाला, पण ती रेलिंगला अडकवलेली असते. रेलिंगला रंग आहे.

पिवळं_हेल्मेट | ७ मार्च, सकाळी ७:३०

रंगावर लावलेली क्लिप म्हणजे न लावलेली क्लिप. उघड्या धातूला दात रुतले पाहिजेत. आजच्या आज सांगा त्याला. बाकी मागाहून.

मकरपुरा_वर्कशॉप | ७ मार्च, दुपारी १:१०

इथे सगळे मालकाला धुवायच्या तयारीत दिसतात, म्हणून दुसरी बाजू. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) माझं छोटं वर्कशॉप आहे, १८ माणसं, तीन लेथ, दोन पॉवर प्रेस. मी गॉगल फुकट देतो, बूट फुकट देतो. बूट गावाकडच्या भावाच्या पायात जातात, गॉगल गळ्यात लटकतो. इन्स्पेक्टर आला की गळ्यातून डोळ्यांवर. ‘कंई नहीं थाय, शेठ’ (काही होत नाही, शेठ) हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा ऐकतो.

दोन वर्षांपूर्वी प्रेसवर एका मुलाची दोन बोटं गेली. प्रेसला दोन हातांचं बटण होतं. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम, म्हणजे दाबणारा भाग, खाली येत नाही. याने एक बटण लाकडाची चिपटी खुपसून कायमचं दाबून ठेवलं होतं, म्हणजे एक हात मोकळा. आता बोला, यात माझी काय चूक?

पिवळं_हेल्मेट | ७ मार्च, दुपारी ३:४५

शेठ, रागावू नका, पण दोन प्रश्न. तो मुलगा पगारी होता का नगावर? आणि चिपटी किती दिवस तिथे होती?

मकरपुरा_वर्कशॉप | ७ मार्च, रात्री ८:२०

नगावर.

चिपटीचं खरं सांगायचं तर ती तेलाने काळी पडली होती. म्हणजे बरेच दिवस. मीही रोज तिथूनच जायचो.

त्यानंतर बटणांचं सर्किट बदललं. आता दोन्ही बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबावी लागतात आणि प्रत्येक फेरीला सोडावी लागतात. एक दाबून ठेवलं तर मशीन मुकाट. प्रेसवाल्यांना नगावरून काढून पगारी केलं. माल कमी निघतो, खोटं सांगत नाही. मुलगा अजून माझ्याकडेच आहे, स्टोअर बघतो. मी आधीच्या प्रतिसादात तावातावाने लिहिलं, ते तसंच ठेवतो.

सयाजीगंजकर | ७ मार्च, रात्री ९:००

हे सगळं हल्लीचं फॅड. आमचे तीर्थरूप ३४ वर्षं कापड गिरणीत, लूम खात्यात होते. ना हेल्मेट ना कानात बोळे. आज ८३ वर्षांचे आहेत, ठणठणीत. माणसं चिवट होती तेव्हाची.

क्यूसीवाली | ७ मार्च, रात्री ९:१८

सयाजीगंजकर, एक विचारू? बाबांशी फोनवर बोलताना तुम्हाला ओरडावं लागतं का?

सयाजीगंजकर | ७ मार्च, रात्री ९:४०

लागतं. वयामुळे असेल असं वाटायचं. आता आई सांगतेय, चाळिशीपासूनच लागत होतं.

पिवळं_हेल्मेट | ७ मार्च, रात्री १०:०५

लूम खात्यात शेजारच्याच्या कानाशी तोंड नेऊन बोलावं लागतं. आपल्याकडची मर्यादा आठ तासांना ९० डेसिबल. आवाजाने येणारा बहिरेपणा हा जुन्या फॅक्टरी ॲक्टच्या तिसऱ्या परिशिष्टातच कळवण्याजोगा रोग म्हणून छापलेला होता. तीर्थरूपांना नमस्कार सांगा. मोठ्याने.

क्यूसीवाली | ८ मार्च, सकाळी ११:३०

महिला दिनाच्या शुभेच्छा मिळाल्यात, गुलाबही मिळालाय. आता माझंही एक गाऱ्हाणं.

मी एका फार्मा कंपनीच्या लॅबमध्ये. माझा बूट ४ नंबरचा. स्टोअरमध्ये सगळ्यात लहान ६. ‘मॅडम, दोन मोजे घाला.’ दोन मोजे घालून मी जिन्यावरून पडले, म्हणजे सेफ्टी शूजमुळे अपघात. हातमोजे ‘फ्री साइज’, म्हणजे पुरुषांच्या हाताचे. बोटांच्या टोकाला अर्धा इंच रबर लोंबतं, त्याने बारीक काचेचं झाकण धरून दाखवा. माझ्यासारख्या चष्मेवालीला जो गॉगल दिला तो चष्म्यावर बसेना. दोन दिवस चष्मा काढून गॉगल घातला, तिसऱ्या दिवशी बाटलीचं लेबल चुकीचं वाचलं. मग चष्म्यावरून बसणारा गॉगल मागितला, आणि तो बाजारात अगदी सहज मिळतो हो!

रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे बूट, हातमोजे, गॉगल, तिन्हीवर सही आहे. कागदावर मी नखशिखान्त सुरक्षित.

रावपुरेकर | ८ मार्च, दुपारी १२:१०

‘कागदावर नखशिखान्त सुरक्षित’. माझ्या धाग्याचं खरं नाव हेच हवं होतं.

टाकीत_उतरलेला | ८ मार्च, रात्री १०:२५

फॅब्रिकेशनवाला. स्टेनलेसच्या टाक्या बनवतो. मास्कचा विषय निघालाच आहे तर हे लिहितो, कारण डबेवाला मास्क मिळाला की पोरं त्याला देवाचा ताईत समजतात.

डबा हवा गाळतो, हवा देत नाही. आत ऑक्सिजनच नसेल तर डबा काय गाळणार? आमच्याकडे टाकीच्या आतल्या वेल्डसाठी आर्गन सोडतात. आर्गनला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड, तळाला साचून राहतो. पंधरा वर्षांपूर्वी एका साइटवर मी आत पडलेली टॉर्च काढायला मॅनहोलमधून नुसतं डोकं आणि खांदे आत घातले. गुदमरलो नाही, खोकला आला नाही, काही म्हणजे काही वाटलं नाही. गुडघे गेले, एवढंच आठवतं. हेल्परने पट्ट्याला धरून मागे ओढलं. तो जर मला काढायला आत उतरला असता तर दोघं गेलो असतो.

आणि तसंच होतं नेहमी. २०१९ च्या जूनमध्ये डभोई तालुक्यात फर्तीकुईला एका हॉटेलची खाळकुवी (मैल्याची टाकी) साफ करताना सातजण गेले. आधी एक उतरला, तो वर येईना म्हणून दुसरा, मग तिसरा. त्यात सफाईवाले चार आणि हॉटेलात काम करणारे तीन. गटारातला हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यांसारखा वास देतो, प्रमाण वाढलं की नाकच मरतं आणि वास येईनासा होतो. लोकांना वाटतं, गॅस गेला.

म्हणून बंद जागेत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर (१९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही), वर एक माणूस जो काही झालं तरी आत जाणार नाही, आणि कमरेला दोरी. दिवा २४ व्होल्टचा. जुन्या फॅक्टरी ॲक्टमध्ये तोच आकडा होता, कलम ३६-ए. तरी मी स्वतः २३० चा हॅलोजन घेऊन घामाने भिजलेल्या अंगाने लोखंडी टाकीत बसलेली माणसं पाहिली आहेत.

माळव्यातला | ९ मार्च, सकाळी ८:५०

इंदूरहून. त्या पांढऱ्या वाटीच्या मास्कबद्दल थोडं. तुमच्या भाच्याला तो चुकीचा, पण काही लोकांना तो वेळेवर मिळाला असता तर ती आज असती. आमच्याकडच्या अलीराजपूर, झाबुआ, धारची आदिवासी माणसं तुमच्याकडे गोध्र्याला क्वार्ट्झ दळायच्या कारखान्यांत जायची. पांढरी पिठासारखी धूळ. वर्ष-दोन वर्षं काम करून परत आली ती सिलिकोसिस घेऊन. आधी दम, मग अंथरूण. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या घरच्यांना प्रत्येकी ३ लाख द्यायला गुजरात सरकारला सांगितलं. अर्थात तिथेही नुसता मास्क पुरला नसता, पाणी मारून धूळ बसवायला हवी होती. पण गावातली म्हातारी सांगतात की पोरं तोंडाला गमछा बांधायची. त्या धुळीचा कण गमछ्याच्या विणीतून असा जातो जसा उंदीर फाटकातून.

खमणप्रेमी | ९ मार्च, सकाळी ९:१५

धाग्याचं काश्मीर होईल, नुसती भांडणं पेटतील वाटलं होतं, हे भलतंच निघालं. वाचनखूण साठवली.

रावपुरेकर | १५ मार्च, रात्री ९:१०

अपडेट.

लेबल: एथिल ॲसिटेट. म्हणजे काकांच्या हिशोबाने साधा तपकिरी ‘ए’ चालेल.

भाचा थेट साहेबाकडे गेला नाही. शिफ्टमध्ये एक वयस्क ऑपरेटर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात, सेफ्टी कमिटीवर कामगारांच्या बाजूचे. त्यांना सांगितलं. दादांनी मास्कचा विषय काढलाच नाही, म्हणे मास्क मागितला की ‘बजेट’ हा शब्द येतो. त्यांनी मीटिंगमध्ये क्लिपचं आणि पिशवी झटकण्याचं काढलं आणि विचारलं, ‘आग लागली तर किती दिवस प्लांट बंद राहील?’ नोव्हेंबर २०२४ मध्ये कोयलीच्या रिफायनरीत बेंझीनच्या टाकीला आग लागली होती, तो धूर त्या साहेबांनी स्वतःच्या गच्चीवरून पाहिलेला. दुसऱ्या दिवशी रेलिंगचा रंग खरवडून तांब्याची पट्टी बसवली. पिशव्या आता दुसऱ्या, वीज न साठवणाऱ्या, मागवणार म्हणतात. तोवर झटकणं बंद.

आणि मास्क त्यामागून आपोआप आला. फोटोतलाच.

पिवळं_हेल्मेट | १५ मार्च, रात्री १०:००

त्या दादांना माझा सलाम. मला हे असं मांडायला वीस वर्षं लागली.

मास्कबद्दल तीन गोष्टी. एक, डब्याचं सील कधी फोडलं ती तारीख डब्यावर मार्करने लिहायची. सील फोडल्यावर डबा हवा शोषतच राहतो, घाला नाहीतर खुंटीला टांगा. म्हणून काम संपलं की घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत. दोन, डब्याशी जेवणाच्या डब्याची सोयरीक नको, एकाच लॉकरमध्ये दोन्ही ठेवतात. तीन, घातल्यावर दोन्ही डब्यांवर तळवे दाबून श्वास आत ओढायचा. मास्क गालांना ओढला जाऊन तसाच राहायला हवा. कडेने वारा लागला तर गळतोय.

आणि फोटोतला भाचा पाहिला नाही, पण विचारतो. दाढी आहे का?

रावपुरेकर | १५ मार्च, रात्री १०:०४

आहे. जपलेली. हळद लागेपर्यंत काढणार नाही म्हणतो, लग्न वैशाखात.

पिवळं_हेल्मेट | १५ मार्च, रात्री १०:११

मग मास्क फक्त फोटोपुरताच. दाढीच्या केसांतून वाफ आत येते, दोन दिवसांची खुंटं असली तरी. मिशी चालेल, मास्कच्या आत मावत असेल तर.

क्यूसीवाली | १५ मार्च, रात्री १०:३०

नवरीला विचारा. माझा अंदाज, तिला डोकेदुखीवाल्या दाढीवाल्यापेक्षा बिनदाढीचा चालेल.

मकरपुरा_वर्कशॉप | १६ मार्च, दुपारी २:००

एक अवांतर शंका. परवा ड्रिलिंगवर पोराला हातमोजे घातलेले पाहून शाबासकी दिली, तर आमचा जुना लेथवाला माझ्यावरच खेकसला. कोण बरोबर?

पिवळं_हेल्मेट | १६ मार्च, दुपारी ४:२०

लेथवाला. फिरत्या ड्रिलवर, लेथवर हातमोजा घालायचा नाही. नुसतं बोट लागलं तर कापतं. मोजा अडकला तर तो बोटासकट, हातासकट गुंडाळून घेतो, सोडत नाही. सैल बाह्या, गळ्यातली साखळी, लांब रुमाल, सगळं तसंच. हातमोजे बर (धातूची कडेची खरखरीत धार) काढताना, माल उचलताना, मशीन थांबलेलं असताना. त्या लेथवाल्याचा पगार वाढवा.

आणि शेठ, तुमची १८ माणसं. नव्या कोडमध्ये विजेवर चालणारा कारखाना म्हणायला २० माणसं लागतात. कुणी सांगेल, तुम्ही सुटलात. नाही सुटलात. १० किंवा जास्त माणसं असलेली आस्थापना म्हणून तुम्ही त्यात आहातच.

मकरपुरा_वर्कशॉप | १६ मार्च, दुपारी ४:५०

सल्लागाराने मला ‘सुटलात’ असंच सांगितलं होतं, फी घेऊन.

रावपुरेकर | १८ मे, रात्री ८:४५

धागा वर काढतोय. लग्न पार पडलं, दाढी मार्चमध्येच गेली (नवरीचं मत क्यूसीवालीताईंच्या अंदाजाप्रमाणे). डोकेदुखी थांबली, सेव-उसळीचा आकडा पूर्ववत.

आता नवीनच. गेल्या आठवड्यात दुपारी तीनला ड्रिल झाली, अंगावर ॲसिड सांडलं असं समजून सेफ्टी शॉवरखाली धावायचं. भाचा धावला, साखळी ओढली आणि ओरडत बाहेर आला. पाणी *चटका बसेल* इतकं गरम. शॉवरची पाइपलाइन गच्चीवरून उघडी येते, बाहेर ४३ अंश. आधी मिनिटभर तांबूस पाणी, मग ते उकळतं. सगळे हसले, त्यालाही हसू आलं. घरी येऊन म्हणाला, मामा, खरंच ॲसिड सांडलं असतं तर मी पंधरा मिनिटं याखाली उभा राहिलो असतो का?

पिवळं_हेल्मेट | १८ मे, रात्री ९:३०

नसता राहिला. दोन मिनिटांत बाहेर पळाला असता, आणि पंधरा मिनिटं धुवायला सांगतात ते शोभेसाठी नाही. ॲसिड असो वा कॉस्टिक सोडा, वेळ पाण्यालाच द्यावी लागते. कॉस्टिक तर जास्तच, ते कातडीत मुरतं. अमेरिकन मानकात शॉवरचं पाणी १६ ते ३८ अंशांमध्ये हवं असं आहे. तिथे काळजी मुख्यतः थंडीची, आपल्याकडे उलट. पाइप जमिनीखालून घ्यायला हवा किंवा त्याला इन्सुलेशन. ते होईपर्यंत प्रत्येक शिफ्टच्या सुरुवातीला आणि दुपारी बारा ते पाच दर तासाला एकदा साखळी ओढून लाइन रिकामी करायची. तांबूस पाणीही त्यातच जाईल. पाणी वाया जातं म्हणून कुणी ओरडलं तर सांगा, बागेकडे वळवा.

मी एका ठिकाणी सकाळी दहाला शॉवर तपासून ‘ओके’ लिहायचो. तीन उन्हाळे. दुपारी तीनला कधीच ओढून पाहिला नाही. तुमच्या भाच्यामुळे आज ते आठवलं.

टाकीत_उतरलेला | १८ मे, रात्री १०:०२

शॉवरखाली ड्रम ठेवलेले असतात, ते तरी हटवले होते का?

रावपुरेकर | १९ मे, सकाळी ७:२०

ड्रिल होती म्हणून हटवले होते. आता परत आलेत असं भाचा म्हणतो. कमिटीत दादा काढणार आहेत.

तोवर पोरांनी स्वतःच पाइपला कंतान गुंडाळलंय, सुतळीने बांधलंय आणि जाता-येता त्यावर तांब्याभर पाणी टाकतात, माठाला टाकतात तसं. काल तीनला ओढून पाहिलं तर पाणी कोमट आलं.

बुटांचे ९५० अजून आलेले नाहीत. ठेकेदार म्हणतो, दिवाळीत बघू.

पिवळं_हेल्मेट | १९ मे, सकाळी ७:४८

कंतानाचा फोटो टाका. बाहेरून, मोबाइल चालतो तिथून. आणि ९५० साठी अर्ज लेखी द्या, दोन ओळींचा, पोच घेऊन. मसुदा हवा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रजिस्टरवरच्या सह्यांची तारीख तेवढी कळवा.

रावपुरेकर | १९ मे, सकाळी ७:५५

केला व्यनि.